केएएसएलआर (दर बूटला लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, मेमरीतली जागा बदलणारं संरक्षण) चालू, तरी कर्नलचा पत्ता बदलत नाही – मदत हवी आहे

रात्रपाळी: सकाळपासून अडकलोय. सहा वेळा रीस्टार्ट केलं. रूट होऊन केऑलसिम्समध्ये (कर्नलमधल्या पत्त्यांची यादी) _टेक्स्टचा, म्हणजे कर्नलच्या सुरुवातीचा, पत्ता बघतो, दर वेळी शेवट ८१००००००च (हेक्समध्ये). रँडमाइझ_व्हीए_स्पेस ही पत्ते हलवायची सेटिंग २, म्हणजे पूर्ण चालू, आहे. उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

जुनाखिळा: कर्नल कुठला? खरं मशीन की व्हर्च्युअल? ती सेटिंग साध्या प्रोग्रामांचे मेमरीतले भाग (स्टॅक-हीप) हलवते. कर्नल कुठे बसणार ते बूट होतानाच ठरतं.

स्टॅकवाली: पत्ते शून्य दिसत असतील तर कर्नलचे पत्ते लपवणारी केपीटीआर_रिस्ट्रिक्ट सेटिंग बघा.

रात्रपाळी: शून्य नाही हो, वर लिहिलंय. ६.१, व्हर्च्युअल, इंटेल ६४ बिट. कॉन्फिगमध्ये रँडमाइझ_बेस (केएएसएलआरचा पर्याय) चालू आहे.

जुनाखिळा: ८१०००००० हा लिंक करतानाचा मूळ पत्ता, म्हणजे कर्नल हललेलाच नाही. प्रॉकमधली सीएमडीलाइन (बूट होताना कर्नलला दिलेले पर्याय) इथे चिकटवा.

बिटमोजणी: हलला तरी काय मोठंसं? १ जीबीच्या पट्ट्यात २ एमबीच्या टप्प्याने जेमतेम ५१२ जागा, ९ बिट. २०२२ च्या एंट्रीब्लीड हल्ल्यात केपीटीआय (कर्नलची मेमरी प्रोग्रामांपासून लपवणारं संरक्षण) चालू असताना नुसता प्रीफेचचा (मेमरी आधीच आणून ठेवायच्या सूचनेचा) वेळ मोजून कर्नलची जागा काढली. बंदच ठेवा.

स्टॅकवाली: बंद कशाला? कर्नलमध्ये हल्लेखोराचा अंदाज चुकला की बहुतेक वेळा मशीनच कोसळतं, पुन्हा प्रयत्न कुठला करणार?

बिटमोजणी: अंदाज लावतंय कोण? कर्नलमधला एक पत्ता (पॉइंटर) बाहेर फुटला की झालं. अख्खा कर्नल एकगठ्ठा सरकतो, फंक्शनांमधली अंतरं तीच राहतात. फंक्शनं सुटी पिसणारा एफजीकेएएसएलआर पॅच २०२० मध्ये आला, पण मुख्य कर्नलमध्ये गेला नाही.

स्टॅकवाली: म्हणूनच ४.१५ पासून छापताना पॉइंटर हॅश करतात, म्हणजे खरा पत्ता दिसत नाही. गळती बुजवायची की कुलूपच काढून टाकायचं?

डेटाबेसवाला: मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीवरच्या दुरुस्तीनंतर आमचा सर्व्हर मंदावला होता. पीटीआय=ऑफ (केपीटीआय बंद) केलं, सुटलो. तुम्हीही करून बघा.

जुनाखिळा: त्यांनी वेगाचं विचारलेलं नाही. आणि अनोळखी कोड चालणाऱ्या मशीनवर हे करू नका.

रात्रपाळी: सापडलं! जीडीबी डीबगरचे ब्रेकपॉइंट लागत नव्हते म्हणून महिन्यापूर्वी क्यूईएमयूच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) अपेंड पर्यायात नोकेएएसएलआर (केएएसएलआर बंद) टाकलं होतं, ते तसंच राहिलं. काढल्यावर आधी ९३२०००००, मग ८८६०००००. शेवटची पाच शून्यं मात्र जागची हलत नाहीत, हे बरोबर?

जुनाखिळा: बरोबर. २ एमबीचा टप्पा, म्हणून खालचे २१ बिट कायम शून्य: पाच हेक्स शून्यांचे २०, आणि त्याआधीचा अंक नेहमी सम म्हणून आणखी एक. उद्या दहा-बारा रीस्टार्टचे पत्ते एकाखाली एक मांडा, बिटमोजणी म्हणतात ते ९ बिट डोळ्यांना दिसतील.