मदत हवी आहे: बोक्याचं गळू, अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि रोजची कुस्ती

चकली, शनिवार

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. बंड्या नावाचा बोका आहे, वय तीनेक वर्षं, डॉक्टरांच्या काट्यावर वजन ४ किलो १०० ग्रॅम. आमचा म्हणायचा एवढंच. दिवसभर गॅलरीत नाहीतर पत्र्यावर. घरी येतो तो जेवायला आणि पावसात भिजला की अंग पुसून घ्यायला. गेल्या रविवारी रात्री पत्र्यावर दोन बोक्यांचं जे काही चाललं ते अख्ख्या चाळीनं ऐकलं. सोमवार-मंगळवार बरा होता. बुधवारी सकाळी डावा गाल लिंबाएवढा सुजलेला, अंग गरम, आणि बोंबलाचं डोकं पुढ्यात ठेवलं तरी तोंड फिरवलं. तेव्हा मात्र धाबं दणाणलं.

डॉक्टरांनी केस भादरले, गळू फोडून पू काढला (तो वास परतीच्या टॅक्सीतही आमच्याबरोबर होता), आतून धुतलं, एक इंजेक्शन दिलं आणि प्राण्यांसाठीच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटच्या ६२.५ मिलिग्रॅमच्या १४ गोळ्या दिल्या. सकाळी एक, रात्री एक, ७ दिवस. पहिली बुधवारी रात्री दिली. आज सकाळपर्यंत ६ झाल्या, ८ उरल्यात.

झाल्या म्हणजे काय, ऐका. पहिली जिभेवर ठेवली तर तोंडातून दाढीच्या साबणासारखा फेस. सासूबाई म्हणाल्या, पिसाळला हा, बाहेर काढा. मग गोळी कुटून दुधात घातली. अर्धं दूध प्यायला, उरलेल्या अर्ध्याकडे बघून निघून गेला. मग घास लहान व्हावा म्हणून रात्रीच सकाळच्या गोळीचे दोन तुकडे करून बशीत ठेवले, तर सकाळी ते पिवळसर आणि ओलसर. तेच दिले. आज झटापटीत माझ्या बोटात दात घुसला, दोन थेंब रक्त आलं.

आता सूज पार उतरली आहे, जेवतोय, दाराशी बसून रडतोय की पत्र्यावर सोडा. घरातल्यांचं मत, बरा झालाय, कशाला मुक्या जिवाला छळतेस, बंद कर. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. त्यांच्या मोतीला पोटावर गोल गोल चट्टे उठलेत, खाजवून खाजवून केस गेलेत. म्हणाले, उरलेल्या गोळ्या दे, नाहीतर माझ्या दाढेच्या वेळच्या ६२५ च्या दोन आहेत, त्यातली अर्धी देतो.

बंद करू का? ओल्या गोळ्या बाद झाल्या का? आणि काकांना काय सांगू?

*

बोंबीलफ्राय

आधी गोळीचं. फेस आला म्हणजे पिसाळला नाही, कडू लागलं. मांजराला कडू लागलं की असाच फेस येतो, सासूबाईंना सांगा.

जुना टॉवेल घ्या आणि सुरळीच्या वडीसारखं गुंडाळा, फक्त मुंडकं बाहेर. पुढचे पाय आत गेलेच पाहिजेत, तिथेच सगळे हरतात. डाव्या हातानं डोकं वरून धरून नाक छताकडे करा, खालचा जबडा आपोआप सैल पडतो. गोळी जिभेच्या मध्यावर नाही, अगदी मागे टाकायची, मग तोंड मिटून गळा चोळायचा. नाक चाटलं की गिळली समजा. लगेच बिनसुईच्या सिरिंजनं ५-६ मिली पाणी, तेही गालाच्या बाजूनं, थोडं थोडं. सरळ घशात मारलंत तर ठसका लागेल.

आणि अख्ख्या वाडग्यात औषध कधीच घालू नका. आमच्याकडे उकडलेल्या बांगड्याचा सुपारीएवढा गोळा करतात, त्यात गोळी. आधी एक रिकामा गोळा, मग गोळीवाला, मागोमाग तिसरा रिकामा दाखवायचा. तिसऱ्याच्या हावेनं दुसरा चावत नाहीत.

*

ढोलकी

एवढं काय करताय? आमच्या गल्लीत सगळ्या मांजरांना मेडिकलमधून एन्रोफ्लॉक्सॅसिन नावाचं अँटिबायोटिक आणून देतो, दिवसातून एकदाच. वाटलं तर दोन द्यायच्या, लवकर गुण येतो.

*

जुना केमिस्ट

ढोलकी, कृपा करून हे कुणाला सांगू नका. कारण डॉक्टर मंडळी सांगतीलच.

मी माझ्या बाजूचं बोलतो. ३० वर्षं काउंटरवर उभा होतो. क्लॅव्ह्युलनेटला दमटपणा अजिबात सोसत नाही, म्हणून तर त्या गोळ्या अशा जाड फॉइलमध्ये येतात. मुंबईच्या पावसाळ्यात रात्रभर उघड्या बशीत म्हणजे संपलंच. पिवळी पडली, ओलावली की टाकून द्यायची. तुकडे करायचेच तर देण्याच्या मिनिटाला करा. आणि कुणाला सिरप दिलं असेल तर पाणी घातल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर ओतून द्यायचं. माणसांच्या सिरपवर ते सहसा ७ दिवस असतात.

काकांच्या ६२५ चं गणित बघा. त्यात ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलनेट. बंड्याची एक गोळी म्हणजे ५० अधिक १२.५, म्हणजे बरोब्बर दहावा हिस्सा. मोतीला किती लागेल हे वजन केल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि घरच्या सुरीनं त्या गोळीचे सारखे भाग होत नाहीत, चुरा होतो. शिवाय अमॉक्सिसिलिन शेड्यूल एचमधलं औषध, चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. सेफिक्सीम, सेफपोडॉक्सीम ही दुसरी अँटिबायोटिक तर त्याहून कडक एच-१ मध्ये, १ मार्च २०१४ पासून. त्याची नोंद वहीत करून ती वही ३ वर्षं जपावी लागते. "कुत्र्यालाच हवंय हो" म्हणून मागणारे रोज दोन तरी यायचे. ज्याच्या खिशात चिठ्ठी नाही, त्याचा कुत्रा नेहमी फार आजारी असतो.

*

खुरपुराण

मी व्हेट आहे, परळला शिकलो. बंड्याला तपासलेलं नाही, तेव्हा त्याच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

चकलीताई, सगळ्यात आधी तुमचं बोट. साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि आजच महापालिकेच्या रुग्णालयात दाखवा. बोका बाहेर फिरणारा, नुकताच अनोळखी बोक्यानं चावलेला. रेबीजच्या इंजेक्शनचा निर्णय तिथले डॉक्टर घेतील. दुसरं, मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जिवाणू असतो. दात सुईसारखा खोल जातो, वरून भोक दिसतही नाही आणि आत पू धरतो. बंड्याच्या गालात जे झालं तेच तुमच्या बोटात होऊ शकतं. बंड्याला रेबीजची लस शेवटची कधी दिली? डॉक्टरांना त्याच्या बूस्टरचंही विचारा.

आता गळू. लोकांना वाटतं गोळीनं बरं झालं. निम्म्याहून जास्त काम पू काढला तेव्हाच झालं. पुवाच्या पिशवीत रक्त खेळत नाही, मग रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार कसं? गोळी आहे ती आजूबाजूच्या सुजलेल्या मांसासाठी. म्हणून सूज उतरल्याबद्दल गोळीला फार श्रेय देऊ नका, पण ती आपल्या मनानं बंदही करू नका.

"कोर्स पूर्ण करा" हे आम्हीही वर्षानुवर्षं घोकलं. आता विचार बदलतो आहे. गरजेपेक्षा जास्त दिवस औषध दिलं तर आतड्यातले आणि कातडीवरचे इतर जिवाणू त्याला सरावतात, फायदा काही नाही. मात्र किती दिवस पुरे, हे रोगागणिक ठरतं. कुत्र्याला अधूनमधून होणाऱ्या साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला पूर्वी दोन-दोन आठवडे देत. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ते ३ ते ५ दिवसांवर आलं. उलट गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिया या आजाराला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस द्यावं लागतं आणि कुत्रं तिसऱ्या दिवशीच उड्या मारायला लागतं. दोन्हीकडे "बरा दिसतोय" हे सारखंच, निर्णय उलटा. म्हणून फोन करून विचारा: सूज नाही, ताप नाही, जखम कोरडी आहे, पुढे देऊ का? डॉक्टर ५ दिवसांवर थांबवतील किंवा ७ करायला सांगतील. चुकलेल्या डोसाची भरपाई म्हणून दोन एकदम देऊ नका. पोट बिघडू नये म्हणून खाण्याबरोबर दिलेलं चालतं.

दुधाचं. या औषधाला दुधाचा तसा त्रास नाही, तुमचा घोटाळा झाला तो अर्ध्या वाटीचा. पण डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिन असेल तर दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं.

ढोलकी, आता तुम्ही. मांजराला एन्रोफ्लॉक्सॅसिन दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊन आंधळेपण येऊ शकतं. ते बहुधा परत फिरत नाही. "वाटलं तर दोन" हे वाक्य वाचून मला घाम फुटला. वाढत्या वयाच्या पिल्लांमध्ये सांध्याच्या कूर्चेलाही त्यानं इजा होते.

मोतीबद्दल न बघता एवढंच सांगतो की गोल चट्टा म्हणजे गजकर्णच असं नाही आणि जिवाणूच असंही नाही. कुत्र्यांत स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस नावाच्या जिवाणूनं पुळ्या येतात, त्या फुटल्या की कडेनं पापुद्रा सुटलेली गोल कडी राहते, ती अगदी गजकर्णासारखी दिसते. बुरशी असेल तर अँटिबायोटिकचा शून्य उपयोग. काचपट्टीवर ठसा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाच-दहा मिनिटं लागतात. जिवाणू निघाले आणि वरवरचे असले तर हल्ली आधी क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू, फेस १० मिनिटं अंगावर ठेवून. गोळी नंतर. आणि मुळात खाज का सुटली, गोचीड, पिसू की अ‍ॅलर्जी, ते सापडलं नाही तर महिन्यानं परत तेच.

*

निवांत

खुरपुराण यांनी डॉक्सिसायक्लिनचा विषय काढला म्हणून लिहिते. आमच्या मनीला दोन वर्षांपूर्वी सर्दीसाठी दिलं होतं. मी शहाणी, गोळी कोरडी गिळवायचे आणि शाबासकी देऊन सोडून द्यायचे. पाणी पाजायचं कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम झाली आणि नळी आकसली. खाल्लेलं सगळं दोन मिनिटांत जसंच्या तसं बाहेर. दुर्बीण घालून नळी तीनदा रुंद करावी लागली. आता ती फक्त पातळ खाते. मांजराला कुठलीही गोळी दिलीत तरी वरून पाणी किंवा खाणं द्याच.

*

चकली, शनिवार रात्री

बोटाला एक इंजेक्शन झालं, पुढच्या तारखा कागदावर मिळाल्या. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "बोक्याला गोळी देत होतात ना? आज तुम्ही तिसऱ्या."

बंड्याचे डॉक्टर म्हणाले ७ दिवस पूर्ण करा, कारण पहिले दोन दिवस धड पोटात गेलंच नाही. लस लहानपणी एकदाच झाली होती, ती सोमवारी. सुरळीची वडी जमली. बांगड्याच्या तीन गोळ्यांची युक्ती पहिल्याच फटक्यात लागू पडली, बोंबीलफ्राय, तुम्हाला एक मासा लागू. काका मात्र रुसलेत. शाम्पूनं काय होतंय म्हणाले.

*

ढोलकी

डोळ्यांचं माहीत नव्हतं. गल्लीतली एक मांजर हल्ली भिंतीला धडकते. वय झालं असेल असं वाटत होतं. कुठे दाखवू?

*

खुरपुराण

उद्याच न्या. औषधाचं नाव, किती गोळ्या, किती दिवस दिल्या, सगळं कागदावर लिहून न्या, लाजू नका. रस्त्यावरची मांजर असल्यानं परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला सोयीचं पडेल. तोवर ती गोळी बंद.

*

चकली, पुढचा शुक्रवार

मोतीची काचपट्टी झाली. जिवाणू निघाले, बुरशी नाही, आणि कानामागे गोचीड इतके की डॉक्टरांनी मोजायचं सोडून दिलं. काका दर तीन दिवसांनी मोरीत मोतीला फेसात उभा करून समोर घड्याळ धरून बसतात. दहा मिनिटं झाली की अख्ख्या चाळीला ओरडून सांगतात. औषध गोचिडांचं आणि शाम्पू, अजून एकही अँटिबायोटिकची गोळी नाही.

बंड्याची शेवटची गोळी बुधवारी सकाळी झाली. पाकीट रिकामं, मी खूश. काल केर काढताना दिवाणाखाली झाडू घातला तर दोन गोळ्या बाहेर आल्या, चाटून गुळगुळीत झालेल्या, एकीला धुळीचा गोळा चिकटलेला. म्हणजे नाक चाटलं ते नाटक होतं.

घाबरत डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बोलावून गाल दाबून पाहिला, ताप घेतला, म्हणाले जखम भरली आहे, आणखी गोळ्या नकोत, सूज आली तरच या. परत असं गळू झालं तर एफआयव्हीची, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या विषाणूची, तपासणी करू, आणि मारामाऱ्या कमी व्हायच्या असतील तर नसबंदीचं मनावर घ्या. तारीख घेऊन आलेय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.