बासला प्लॅस्टिकचं गांडूळ निवडताना रंग बघायचा की ते बुडतं कसं ते?

डोहकाठ (डॅलस)

मंडळी, गेल्या शनिवारी एका नव्या मित्राला घेऊन फिशिंगच्या दुकानात गेलो होतो. तिकडे सॉफ्ट प्लॅस्टिकची, म्हणजे गळाला लावायच्या मऊ नकली आमिषांची, अख्खी भिंत असते हे इथल्या गळवाल्यांना माहितीच आहे. अर्ध्या तासात त्याच्या टोपलीत अकरा पाकिटं, अकराही वेगळ्या रंगांची, आणि सगळी गांडुळं एकाच जातीची, एकाच वजनाची. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. लार्जमाउथ बास, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, त्याच्यासाठी प्लॅस्टिक घेताना पहिला प्रश्न रंगाचा नसतोच, ते पाण्यात कसं आणि किती वेगाने खाली जातं हा असतो. बास बहुतेक वेळा आमिष पडत असतानाच तोंडात घेतो, तुम्ही ओढायला लागायच्या आधी. यामामोटो कंपनीचा पाच इंची सेंको बघा, दिसायला बॉलपेनाएवढी साधी कांडी, ना शेपटी ना पाय, पण त्यात मीठ ठासून भरलेलं असतं त्यामुळे वजन न लावता सोडला तरी आडवाच्या आडवा अंग हलवत खाली जातो. तेच झूम कंपनीचा ट्रिक वर्म घ्या, लांबीला जास्त पण अंगाने हलका, तो कितीतरी सावकाश उतरतो. आता हे दोन्ही हिरवेच असले तरी माशाला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

मी गेली नऊ वर्षं टेक्सासच्या लेक फोर्क तलावाला जातोय, कयाकमधून. तळ्यात उभी वाळलेली झाडं आहेत, हायड्रिला नावाचं पाणगवत आहे, पाणी ना गढूळ ना नितळ. माझ्या डब्यात रंग दोनच, ग्रीन पंपकिन म्हणजे मातकट हिरवा, आणि काळा-निळा. पण बुलेट वजनं, म्हणजे दोरीवर ओवायची गोळीच्या आकाराची वजनं, सहा मापांची आहेत, टंगस्टनची, पाव औंस, तीन सोळांश, एक अष्टमांश असं खाली खाली. मासे बंद झाले की मी वजन बदलतो, रंग नाही. नवीन माणसाने पैसे इथे घालावेत असं माझं ठाम मत आहे. बोला आता.

सेंटक्लेअरवाली (डेट्रॉइट)

डोहकाठ दादा, पडण्याच्या वेगाबद्दल सगळं मान्य, पण "रंग दोनच" हे तुमच्या तळ्यापुरतं खरं आहे हो. आमच्याकडे लेक सेंट क्लेअरला या एकदा. १९८८ साली तिथे झीब्रा शिंपले सापडले आणि ते पाणी गाळून गाळून खातात, त्यामुळे पाणी असं नितळ झालंय की दहा-बारा फुटांवरचा तळ दिसतो. आणि इकडे मासा स्मॉलमाउथ, म्हणजे बासचीच दुसरी जात, तो लांबून बघतो, मागे मागे येतो आणि शेवटच्या क्षणी तोंड फिरवतो. अशा माशाला लाल चमकीचं वॉटरमेलन (कलिंगडी हिरवा रंग) आणि साधं वॉटरमेलन यात फरक पडतो, मी एकाच बोटीत शेजारी शेजारी उभं राहून हे पाहिलंय, नवऱ्याची दोरी एकदाही हलली नाही आणि माझ्याकडे पाच आले, वजन तेच, गळ तोच, दोरी तीच.

आणि आकाराचं काय? आमच्याकडे गोबी नावाचा तळाला चिकटून राहणारा छोटा परका मासा पसरलाय, स्मॉलमाउथ तोच खातात. म्हणून ट्यूब चालते, आतून पोकळ, खाली झालर असलेली, तळावरून थबकत नेली की गोबीच वाटते. तुमचा सेंको तिथे कितीही छान पडला तरी तो गोबी नाही. तर पहिला प्रश्न "मासा इथे काय खातोय" हा.

डोहकाठ (डॅलस)

ताई, एक दिवस आणि पाच मासे यावरून रंग सिद्ध होत नाही असं मला वाटतं. बोटीत पुढे कोण उभं होतं, कुणाचा फेक दगडाच्या जास्त जवळ पडत होता, दोघांच्या हाताचा वेग, शंभर गोष्टी असतात.

रंगावर झालेलं काम सांगतो. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली लार्जमाउथवर प्रयोग छापला, माशांना ठराविक रंग ओळखायला शिकवलं. त्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्याकडे झुकणारी एक लालकडे. लाल आणि हिरवा त्यांना नीट कळतो, पण काळा आणि निळा यात गोंधळ होतो, आणि शार्ट्रूज म्हणजे तो भडक पोपटी-पिवळा आणि पांढरा यातही गोंधळ. मग भिंतीवरच्या त्या सतरा निळ्या-जांभळ्या छटा कुणासाठी टांगल्यात? दुकानात येणाऱ्या आपल्यासाठी.

सेंटक्लेअरवाली (डेट्रॉइट)

अहो पण तुमच्याच प्रयोगात माझी बाजू आहे की! लाल आणि हिरवा *नीट* कळतो म्हणताय ना? मग हिरव्या अंगात लाल चमकी आहे की नाही हे त्याला कळू शकतं. तुम्ही काळा-निळा एकच म्हणा, माझी हरकत नाही, पण हिरव्याच्या घरात मी चार डबे ठेवणार. आणि तो प्रयोग लार्जमाउथवरचा आहे, माझा मासा स्मॉलमाउथ.

कॅन्ससकर

दोघेही आठ डॉलरच्या पाकिटावर भांडताय, ज्यातला एकेक सेंको एका माशात फाटतो. मीठ जास्त म्हणजे अंग ठिसूळ, हे त्या पडण्याचं मोल आहे आणि ते डोहकाठ यांनी लिहिलंच नाही. सहा मासे मिळाले की पाकीट संपत आलं.

मी चार वर्षांपासून नेड रिगवर (गळाला आमिष लावायची एक पद्धत) आहे. आमच्या कॅन्ससचे लेखक नेड केडी यांच्या नावावरून हे नाव पडलंय. मशरूमच्या टोपीसारखं हलकं जिगहेड, म्हणजे डोक्यालाच वजन असलेला गळ, आणि त्यावर पावणेतीन इंचाचा तुकडा, झी-मॅन कंपनीच्या इलॅझटेकचा. ते मटेरियलच वेगळं आहे, हाताने हवं तितकं ताणा तुटत नाही, आणि मुख्य म्हणजे तरंगतं, त्यामुळे डोकं तळावर टेकलं तरी शेपूट वर उभी राहते, काहीही न करता. एका तुकड्यावर मी वीसच्या वर मासे काढलेत. मोठा मासा कमी येतो हे कबूल पण हिवाळ्यात, पाणी गारठलं की दुसरं काही चालत नसताना हेच चालतं.

एक इशारा, इलॅझटेक साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकू नका, दोन्ही एकमेकांना खातात आणि सकाळी चिकट गोळा मिळतो. मूळ पाकिटातच ठेवा.

डोहकाठ (डॅलस)

फाटण्याचा मुद्दा बरोबर आहे, लिहायला हवा होता. त्यावर उपाय ओ-रिंग. वॅकी रिग करताना गळ गांडुळाच्या अंगातून न घालता मधोमध रबराची कडी चढवायची आणि गळ कडीखालून घ्यायचा. तरी एका सेंकोवर चार-पाच मासे, त्याहून जास्त नाही. पण फोर्कवर नेड घेऊन जा तुम्ही, उघडा गळ आहे, पहिल्याच झाडात अडकणार. तिथे टेक्सास रिगच पाहिजे, गळाचं टोक परत प्लॅस्टिकच्या अंगात लपवलेलं.

वाळवंडी (सांगली)

मी बास पकडलेला नाही, आमच्याकडे तो नाहीच आणि कुणी आणूही नये, आधीच तिलापियाने नद्या भरल्यात. आम्ही मरळीच्या मागे असतो, त्यामुळे गवतातून प्लॅस्टिकचा बेडूक नेणं माहितीय. पण तुमची चर्चा वाचून एकच विचारावंसं वाटतं, खरं गांडूळ का नको? ओढ्याकाठची ओली माती उकरली की मूठभर मिळतात, वास खरा, हालचाल खरी, रंगाचा वादच नाही. आणि शोधलं तर टेक्सासचा विक्रमी बास, १९९२ सालचा, १८.१८ पौंडांचा, तुमच्याच लेक फोर्कचा, जिवंत छोट्या माशावर आलाय. जपानच्या बिवा तलावातला २००९ चा, जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारा २२ पौंड ४ औंसांचा, तोही जिवंत ब्लूगिल माशावर. मोठ्या माशाने आपलं मत दिलंय की.

डोहकाठ (डॅलस)

दादा, मुद्दा जोरकस आहे आणि विक्रम खरे आहेत. तरी मी जिवंत आमिष लावत नाही त्याचं कारण वेगळं. जिवंत गांडूळ बास गिळतो, गळ थेट घशात जातो. फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला मासा सोडावाच लागतो, कायदा आहे, आणि घशातून रक्त येणारा मासा पाण्यात सोडून काय उपयोग. प्लॅस्टिक तोंडात धरल्याचं दोरीवर जाणवलं की लगेच हिसका देता येतो, गळ ओठात लागतो.

मेनची_वाट

हे मात्र खोडतेच. वॅकी रिग सैल दोरीवर नुसतं पडू देता तेव्हा मासा ते गिळतोच, मी स्वतः घशातून किती गळ काढलेत, किती वेळा दोरी कापून सोडलंय. ज्या संथ पडण्याचं तुम्ही कौतुक करताय तेच त्याला गिळायला वेळ देतं. तुम्हाला मासा जपायचा असेल तर दोरीवर सतत नजर पाहिजे, प्लॅस्टिक आहे म्हणून आपोआप काही वाचत नाही.

आणि कुणीच बोललं नाही म्हणून बोलते, फाटलेलं गांडूळ जातं कुठे? नव्वद टक्के लोक पाण्यात टाकतात हे मी धक्क्यावर उभी राहून बघते. टक्केवारी माझ्या डोळ्यांची आहे पण बघायला या कुणीही. आमच्या मेन राज्यात ट्राउट माशांच्या पोटात ही रबरी गांडुळं सापडतात, आत फुगतात, बाहेर पडत नाहीत. २०१३ मध्ये मेनच्या विधिमंडळात रबरी आमिषांवर बंदीचं विधेयक आलं होतं, शेवटी अभ्यास करायचं ठरलं आणि बंदी झाली नाही. मला बंदी नकोय, मीसुद्धा तीच वापरते. पण निवडताना "टिकतं किती" हा प्रश्न पैशासाठी नाही, तळ्यासाठी आधी विचारा. एक इलॅझटेक वीस मासे देतो म्हणजे माझ्या लेखी एकोणीस तुकडे तळ्यात कमी. शिशाच्या वजनांचंही तसंच झालं, इकडे लून पक्षी ती गिळून मरायचे, आता एक औंसापर्यंतची शिशाची वजनं बंद आहेत आणि लोक मासे पकडतातच आहेत.

डोहकाठ (डॅलस)

गिळण्याचा मुद्दा मी परत घेतो, वॅकीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. मी दोरी बोटावर धरून बसतो म्हणून मला कमी दिसलं असेल, नव्या माणसाचं तसं होणार नाही. फाटकी गांडुळं मी खिशातल्या झिपच्या पिशवीत भरून घरी आणतो, हे मात्र सगळ्यांनी करावंच.

पण ताई, फक्त टिकाऊपणावर निवड करायला माझं मन होत नाही. मे लागलाय, अंडी घालून दमलेल्या मोठ्या माद्या झाडांच्या कडेला सावलीत लोंबकळत असतात, त्यांच्यासमोरून तरंगणारं काही नेलं तर हलत नाहीत. मीठवालं गांडूळ नाकासमोरून डुलत खाली गेलं की आ करतात. तो क्षण मला दुसऱ्या कशाने मिळालेला नाही.

सेंटक्लेअरवाली (डेट्रॉइट)

मेनची_वाट, पिशवीचं +१. ट्यूब तर सेंकोहून लवकर जाते, झालर पहिली.

नवा_गळ

नमस्कार, टोपलीतली अकरा पाकिटं माझी. सगळं दोनदा वाचलं. परत करायला दुकान तयार आहे, न उघडलेली. मी कुठली ठेवू? घरामागे सोसायटीचं तळं आहे, पाणी चहासारखं, सहा फूट खोल असेल, रविवारी मुलीला घेऊन जायचंय, ती आठ वर्षांची आहे.

डोहकाठ (डॅलस)

काळं-निळं एक, ग्रीन पंपकिन एक. नऊ परत कर आणि त्या पैशात ३/० मापाचे ऑफसेट (मानेत बाक असलेले) गळ आणि एक अष्टमांश औंसाची बुलेट वजनं घे. टाकल्यावर मुलीला मोठ्याने मोजायला लाव, तळ किती अंकांवर लागतो ते. त्याआधी दोरी थांबली किंवा बाजूला सरकली तर मासा आहे.

सेंटक्लेअरवाली (डेट्रॉइट)

चहासारख्या पाण्यात काळं-निळं हे बरोबर. पण जूनबगही ठेवा, जांभळट अंगात हिरवी चमकी असते. दादांचं ऐकून तो परत करू नका.

कॅन्ससकर

आठ वर्षांच्या मुलीला मोठा मासा नको, भरपूर मासे पाहिजेत. नेड द्या तिच्या हातात. सोसायटीच्या तळ्यात झाडं नसतात.

मेनची_वाट

आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, मुलीच्या बोटासाठीही आणि माशासाठीही.

नवा_गळ

काल जाऊन आलो. काटा दाबला होता. नेडवर तिला चार मिळाले, तळहाताएवढे. मग मी काळं-निळं टाकलं, ती मोजत होती, सहावर तळ लागायचा. एकदा चारवर थांबली आणि म्हणाली बाबा दोरी चालतेय. सतरा इंच. फोटो काढून सोडला. जूनबग अजून उघडलेलं नाही, पुढच्या रविवारी शेजारी शेजारी टाकून बघतो आणि इथेच लिहितो.