एंडोमेट्रिओसिस: संशोधनाचा पैसा आधी ऑर्गनॉइडवर खर्च व्हावा का?

केतकी_र:
पाळीत मुलगी कळवळते आणि तिला सांगतात, 'लग्न झालं की थांबेल.' जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. कायमचं बरं करणारं औषध अजून नाही. मोठी अडचण अशी, की प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरिणीला पाळी येतच नाही, मग त्यांच्यावरून काय कळणार?

२०१७ मध्ये केंब्रिज आणि बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या दोन गटांनी माणसाच्या गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींपासून ऑर्गनॉइड वाढवले. जेलमध्ये वाढणारे हे बारीक पोकळ गोळे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन दिल्यावर खऱ्या अस्तरासारखे बदलतात. २०१९ मध्ये ल्यूव्हेनला एंडोमेट्रिओसिसच्या पेशींपासूनही ते जमलं. २०२१ मध्ये तर पाळीच्या स्रावातून ऑर्गनॉइड तयार झाले, म्हणजे तपासणीसाठी आतून तुकडा काढायलाही नको. माझ्या मते पैसा आधी इथे जावा.

सिस्टर_बीड:
केतकीताई, अजिबात पटलं नाही. आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, चौकशी समिती नेमली गेली. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, एवढ्यावर तिशीच्या आतबाहेरच्या बायकांना 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून ऑपरेशनं झाली. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून बायकाही तयार झाल्या. फडावर ना संडास, ना आडोसा, ना धड पाणी. यातलं काय तुमच्या ऑर्गनॉइडवर प्रयोग करून सुटणार आहे?

केतकी_र:
सिस्टर, पण औषधच नसलं की शेवटी सुरीच उरते ना?

सिस्टर_बीड:
औषध होतं. जंतुसंसर्गावर अँटिबायोटिक आहेत, स्वस्त आहेत. तपासून ते द्यायला कुणी बसलं नाही.

पेशी_आणि_मी:
या विषयाच्या लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. केतकी, तुमचा उत्साह कळतो, पण २०१७ चे गोळे फक्त वरच्या थराच्या पेशींचे होते. त्यांत रक्तवाहिन्या नाहीत, प्रतिकारपेशी नाहीत, मज्जातंतू नाहीत. या आजारातलं दुखणं तर मज्जातंतू आणि दाह यांच्याशी जोडलेलं आहे. शिवाय ज्या जेलमध्ये हे सहसा वाढवतात, ते मॅट्रिजेल उंदराच्या गाठीपासूनच काढतात. प्राणी पूर्ण सुटले असं समजू नका. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधक लिंडा ग्रिफिथ कृत्रिम जेलमध्ये अस्तराखालच्या आधारपेशीही सोबत वाढवतात. त्या स्वतः हा आजार भोगलेल्या आहेत. अशा कामाला पैसा द्यावा असं मलाही वाटतं, फक्त 'आधी' हा शब्द मान्य नाही.

वसुधा_जोशीवाडा:
आणि नमुने कुणाचे? अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सरच्या रुग्ण बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये तिला न विचारता घेतल्या, आणि त्या जगभर विकल्या गेल्या. उद्या गावच्या शिबिरात पाळीच्या कपातला स्राव गोळा केला, तर त्या बाईला कोण समजावून सांगणार?

केतकी_र:
संमती तिच्या भाषेत, वाचून दाखवून घ्यावी, आणि तिला नंतर नाही म्हणता यावं. एवढं नसेल तर नमुना घेऊच नये. पण सिस्टर, तुमच्या फडावरच्या बायकांतही एंडोमेट्रिओसिस असणारच. पांढरं जाणं अँटिबायोटिकने थांबेल, त्यांचं ते दुखणं कशाने थांबवणार?

सिस्टर_बीड:
आधी ते दुखणं कुणीतरी कागदावर नोंदवू दे.