सॉलिड-स्टेट बॅटरी: अजून किती नवे इलेक्ट्रोलाइट शोधायचे?

खडीसाखर (धागाकर्ता)
सॉलिड-स्टेट बॅटरीचं (आतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा पदार्थ, द्रव नसून घन असतो ती) नाव काढलं की "दहा वर्षं हेच ऐकतोय" म्हणून लोक मोकळे होतात. अरे, २०११ साली टोकियोत कान्नो या संशोधकांच्या गटाने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधकाचा घन इलेक्ट्रोलाइट केला. खोलीच्या तापमानाला वाहकता (आयन किती सहज पळतात ते) सेंटीमीटरला १२ मिलिसीमेन्स, म्हणजे आजच्या बॅटरीतल्या द्रवाच्या तोडीची. २०१६ मध्ये दुसऱ्या मिश्रणाने तीच २५ वर नेली. शिवाय द्रव पेटतो, घन पेटत नाही. आपण मात्र बाहेरचे सेल आणून खोक्यात भरतोय. माझं मत: पैसा लावायचा तर नव्या इलेक्ट्रोलाइटवरच.

वरणफळ
"घन पेटत नाही" हे आधी खोडा. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसला दोन इलेक्ट्रिक बस जळाल्या आणि त्याच जातीच्या १४९ बस रस्त्यावरून काढल्या. त्यांच्या बॅटरीत इलेक्ट्रोलाइट घन पॉलिमरचाच होता, आणि सोबत लिथियम धातू.

खडीसाखर
पॉलिमर वेगळा. तो ६०-८० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय नीट चालतच नाही. मी सल्फाइड (वरचे गंधकवाले) आणि सिरॅमिकबद्दल बोलतोय.

चिमटा_आणि_गोळी
पीएचडीची चार वर्षं याच इलेक्ट्रोलाइटच्या भुकटीच्या गोळ्या दाबण्यात गेली, म्हणून लांबण लावतो. सल्फाइड मऊ, दाबला की छान बसतो. पण दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, कुजक्या अंड्याचा वास. म्हणून सगळं काम आर्गॉन भरलेल्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून. गार्नेट हा सिरॅमिक त्या मानाने सोशीक. (हा गार्नेट ज्यात पहिल्यांदा मांडला त्या २००७ च्या शोधनिबंधावर जर्मनीतल्या वेप्पनर यांच्यासोबत मुरुगन आणि थंगदुरै ही नावं आहेत. तेव्हा आपली माणसं यात नाहीत असं नाही.) पण भाजायला १२०० अंशांच्या आसपास भट्टी लागते, त्यात लिथियम उडून जातो, आणि नंतर हवेत ठेवला की वर कार्बोनेटचा थर चढतो. तो पॉलिश पेपरने घासून काढायचा.

एवढं करून लिथियमच्या दोन चकत्यांमध्ये गोळी ठेवली, करंट जरा वाढवला, की व्होल्टेज धाडकन खाली. गोळी फोडून पाहिली तर आरपार काळी रेघ. लिथियम मेणासारखा मऊ, पण कणांमधली सांद हेरून आत घुसतो. खडीसाखर, वाहकतेचं गणित कधीच सुटलंय. घोडं अडतंय ते दोन थर भेटतात तिथे.

खडीसाखर
मग हे माझ्याच बाजूचं झालं! २०१८ मध्ये जपानमधूनच यट्रियमचा क्लोराइड इलेक्ट्रोलाइट आला, तो जास्त व्होल्टेजच्या कॅथोडपाशी (बॅटरीच्या धन टोकापाशी) टिकतो. सांधा सुधारायचा तर रसायनच बदलायला हवं ना?

चिमटा_आणि_गोळी
कॅथोडपाशी टिकतो, लिथियम धातूपाशी नाही. म्हणजे तिथे दुसरा थर लावायचा, आणि तो लावला की आणखी एक सांधा वाढला.

टपरीवरचा_चहा
मला यातलं निम्मं कळलं नाही, पण माझी स्कूटर लिथियम-आयर्न-फॉस्फेटवर बिनबोभाट चालते. पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि आयसर ही संशोधन संस्था यांनी मिळून सोडियम-आयन बॅटरी केलीय, ते स्वस्त होईल असं दिसतंय. काही लाखांच्या गाडीसाठी होणारं संशोधन आमच्या पैशाने कशाला?

वरणफळ
+१. आणि दाबाचं कोणी बोलतच नाही. थर एकमेकांना चिकटून राहावेत म्हणून प्रयोगशाळेतले सेल बोल्टने आवळलेले असतात. गाडीत कोण आवळणार?

चिमटा_आणि_गोळी
बरोबर नस पकडलीत. १ मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे १० किलो. तळहाताएवढा, १०० चौरस सेंटीमीटरचा सेल धरा. ५ मेगापास्कल द्यायचे तर पाच टन. तरी मी खडीसाखरच्या पूर्ण विरोधात नाही. कमी दाबात लिथियमला चिकटून राहील असा इलेक्ट्रोलाइट कोणी केला, तर वाहकता १ असली तरी मी टाळ्या वाजवीन.

खडीसाखर
पाच टन? एका सेलवर? बरं, वाहकतेचा मुद्दा मागे घेतो. पैशाचा नाही.