लो-कार्बवर उतरलेलं वजन परत चढतंय, दोष माणसाचा का?

शाळू_भाकर (सांगली)
चपाती, भात, साखर बंद करून वजन उतरवलं, बरीच वर्षं टिकवलं आणि आता काटा परत वर चाललाय, अशी माझ्या ओळखीत कितीतरी माणसं आहेत. माझी थोरली बहीण त्यातलीच. आमराईत फिरायला गेली की कुणीतरी विचारतंच, "काय आक्का, पथ्य सुटलं वाटतं?" मला याची चीड येते. पथ्य सुटलेलं नाही. वजन उतरलं की शरीर कमी खर्चात भागवायला शिकतं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले: विश्रांतीत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. वयानं स्नायू घटतात ते वेगळंच. माणसाला दोष देणं बंद करा.

कृष्णाकाठ (मिरज)
आक्कांना टोमणे मारणं चूक, एकदम मान्य. पण तुमचा दाखला इथं बसत नाही. ती माणसं अर्धपोटी राहून तासन्‌तास व्यायाम करत होती. आपल्याकडं बघा: भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी, तेवढ्याच ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास. सुरुवातीला या आहारात भूक मंदावते, आपसूक कमी खाल्लं जातं. पुढं भूक परत येते, पण "कार्ब नाही ना, मग चालतंय" ही सवय राहते. पोहे घेताना हात आखडतो, तूप वाढताना नाही. आठवडाभर तेल-तूप-दाणे मोजून घालायला सांगा.

शाळू_भाकर
मोजूनच घालते ती, ओट्यावर वजनकाटाच ठेवलाय. आणि भूक परत येते म्हणालात, ती का येते? २०११ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही भुकेचं हार्मोन चढलेलंच होतं. रोज भुकेशी झगडणाऱ्याला "हात आखडा" सांगणं सोपं आहे.

द्राक्षबाग (तासगाव)
मग एवढा अट्टहास कशाला? २०१८ साली स्टॅनफर्डचा ६०९ जणांचा वर्षभराचा अभ्यास आला: लो-कार्बवाल्यांचं सरासरी ६ किलो उतरलं, लो-फॅटवाल्यांचं ५.३. म्हणण्यासारखा फरक नाही. पंगतीत बसून जे खाता येत नाही ते जन्मभर कसं निभणार? शाळूची एक भाकरी, उसळ, ताक घ्या.

शाळू_भाकर
दादा, तिला मधुमेह आहे. वजन वाढलं तरी तीन महिन्यांची साखर अजून आवाक्यात आहे, ती याच खाण्यानं. भाकरी परत आणली आणि साखर चढली तर?

कृष्णाकाठ
मग भाकरीची घाई नकोच. थायरॉइड तपासलंय का? चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा, मधुमेहाच्या काही औषधांनी वजन वाढतं. आणि डंबेल उचलायला लावा, नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत.

द्राक्षबाग
मला अजून पटत नाही. डॉक्टरांना विचारून अर्धी भाकरी उसळीबरोबर खाऊ द्या, दोन तासांनी घरच्या मशीनवर साखर बघा आणि मग ठरवा.