बॅरिऑन ‘थांबतो’ की ‘थोपतो’?

नांदेड : भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ची मुलं ‘बॅरिऑन स्टॉपिंग’ला, म्हणजे केंद्रकांच्या टकरीत बॅरिऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे तीन क्वार्कचे कण) मंदावण्याला, मराठीत सर्रास ‘बॅरिऑन थांबणे’ लिहायलेत. चालू द्यावं का?

परभणी : नका चालू देऊ, सर. थांबणे म्हटलं की वेग शून्य. इथं घटते ती रॅपिडिटी (शलाकेच्या दिशेतल्या वेगाचं सापेक्षतेतलं माप), तीही सगळी नाही. अमेरिकेतल्या ब्रूकहेव्हनच्या ‘रिक’ या त्वरकात सोन्याची केंद्रकं दर न्यूक्लिऑन-जोडीमागं (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) 200 जीईव्ही ऊर्जेला आदळवली, तेव्हा शलाकेची, म्हणजे कणांच्या झोताची, रॅपिडिटी 5.36 होती. तिथल्या ब्राम्स प्रयोगात थेट टकरींतली सरासरी घट निघाली साधारण 2. म्हणजे बहुतेक बॅरिऑन आपल्याच दिशेनं जोरात पुढं जातात. ‘थोपणे’ बरं. पाणी बांधाला थोपतं, तरी बांधावरून निघतंच.

लातूर : थोपणे पटलं, पण सोबत ऊर्जा लिहायलाच लावा. 5 जीईव्हीला निव्वळ प्रोटॉनांचा (प्रोटॉन वजा प्रतिप्रोटॉन) आलेख मध्यावर, म्हणजे शून्य रॅपिडिटीजवळ, उंच, 17 ला मध्यावर खळगा नि दोन्हीकडं उंचवटे, 200 ला मध्यावर दर रॅपिडिटी एककामागं जेमतेम 6-7.

यातलं ‘निव्वळ’ मुलं गाळतात, आणि तिथंच गणित बिघडतं. टकरीत नवे प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन जोडीनं तयार होतात. वजाबाकी केली की ते कटतात आणि मूळ केंद्रकातून आलेलेच उरतात. शलाकानळीच्या धातूतून उडालेल्या प्रोटॉनांना मात्र जोडीदार नसतो, ते आकडा फुगवतात. म्हणून ज्याचा मार्ग टकरीच्या बिंदूपासून लांबून जातो, तो कण गाळायचा. लॅम्डा या दुसऱ्या बॅरिऑनच्या क्षयातून आलेले प्रोटॉनही वेगळे काढायचे. न्यूट्रॉन तर मोजलेलेच नसतात, त्यामुळं निव्वळ प्रोटॉन म्हणजे निव्वळ बॅरिऑन नव्हे.

नांदेड : मग ‘बॅरिऑन ट्रान्सपोर्ट’ला बॅरिऑन-वहन?

परभणी : ‘बॅरिऑन संख्येचं वहन’ म्हणा. आत शिरलेला प्रोटॉन लॅम्डा होऊनही बाहेर येईल. टिकते ती संख्या. ती वाहतं कोण, हाच तर खरा वाद. तीन क्वार्क प्रत्येकी एक तृतीयांश, की त्यांना जोडणारा ग्लुऑनांचा (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणांचा) वाय-आकाराचा सांधा?

लातूर : सांध्याला ‘तिठा’ म्हणता येईल. पडताळणीसाठी 2018 मध्ये रिकवर रुथेनियम नि झिर्कोनियमच्या टकरी कामी आल्या. दोन्हींत न्यूक्लिऑन 96, प्रोटॉन मात्र 44 नि 40. संख्या क्वार्कच वाहत असतील तर विद्युतभार आणि बॅरिऑन संख्या मध्यावर एकाच प्रमाणात यायला हव्यात. त्या प्रमाणापेक्षा बॅरिऑन संख्या जास्त आली तर तिठ्याची बाजू बळकट.

परभणी : तिठा छानच. फक्त अजून ‘तिठा-कल्पना’ लिहा, ‘तिठा-सिद्धांत’ नको.