अनुभव धागा : घरातली शिडी – कोणी चढायचं, कशावर आणि कसं?

पाचफुटी (धागाकर्ती)

नवरात्राच्या आधीपासून दिवाळीपर्यंत घरोघरी माळे उपसले जातात, पंखे पुसले जातात, पडदे उतरतात. शिडीवर चिकटवलेल्या सूचना सगळ्यांना सारख्याच असतात; पण सत्तरीचे आजोबा, साडीतल्या काकू, पाचवा महिना लागलेली सून आणि सोळा वर्षांचा मुलगा हे एकाच कारणाने पडत नाहीत. ज्यांचा या विषयाशी कामानिमित्त रोजचा संबंध येतो त्यांनी लिहावं. ‘आमच्याकडे एकदा काय झालं’ असे किस्से नकोत, नेमकं करायचं काय ते हवं.

घरांच्या आतल्या सजावटीचं काम करत असल्यामुळे मोजमापांपासून सुरुवात करते. फ्लॅटमधला माळा बहुतेक वेळा दाराच्या चौकटीच्या वर, म्हणजे सात फुटांवर असतो. घरगुती शिडीच्या दोन पायऱ्यांत साधारण २५ सेंटिमीटर अंतर असतं. पाच फूट सात इंचांचा पुरुष तिसऱ्या पायरीवर उभा राहिला की त्याचे खांदे माळ्याच्या तळाशी येतात. पाच फुटांची बाई त्याच पायरीवर उभी राहिली तर तिचे डोळे जेमतेम तळाच्या रेषेत येतात. मग ती हात डोक्यावर नेऊन चाचपडत डबा ओढते, डबा कडेला येतो आणि अचानक हलका लागतो. ओढायचा जोर असतो तसाच राहतो, वजन मागे जातं. तिला चौथी पायरी लागते. घरात तीन पायऱ्यांची शिडी असेल तर चौथी पायरी म्हणजे वरचा दांडा किंवा शेजारचं कपाट!

शिडी विकत घेताना दुकानात चढून बघतो तो घरातला पुरुष आणि वर्षभर वापरते ती बाई. उंचीने सगळ्यात कमी आणि वापराने सगळ्यात जास्त, अशा माणसाला दुकानात न्या.

वॉर्डातली_ताई

अस्थिरोग विभागात परिचारिका आहे. बायका आणि पुरुष कशावरून पडतात यातच फरक आहे. परदेशी रुग्णालयांच्या नोंदींत शिडीवरून पडणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य दिसतात, त्यातही साठीपुढचे पुरुष गंभीर जखमी होतात. ते वाचून बायकांना धोका कमी असं समजू नये. बायका शिडीवरून नाही, तर प्लॅस्टिकच्या स्टुलावरून, खुर्चीवरून, ओट्यावरून पडतात, आणि ते कागदावर ‘घरात पडली’ एवढंच येतं.

दुखापतही वेगळी. मागे किंवा बाजूला जाताना हात टेकला की मनगट मोडतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांची घनता झपाट्याने उतरते, त्यामुळे पंचावन्नच्या बाईचं मनगट दोन फुटांवरूनही मोडू शकतं. सत्तरीनंतर हात टेकायला वेळच मिळत नाही, माणूस सरळ कुशीवर आपटतो आणि खुब्याचं हाड जातं. पुरुष उंचावरून बऱ्याचदा उभे खाली येतात : टाच फुटते आणि सोबत कमरेच्या वरचा मणका दबतो. टाचेच्या दुखण्यात मणक्याचं दुखणं लपतं. उंचावरून टाचांवर आलेल्या माणसाच्या पाठीचा फोटो काढायला आवर्जून सांगा.

गोळीबंद

औषधविक्रेता. चढण्याआधी घरातल्या गोळ्यांचा डबा बघा. रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या; आणि पुरुषांच्या बाबतीत हमखास विसरली जाणारी म्हणजे प्रोस्टेटची टॅमसुलोसिन. ही गोळी उभं राहिल्यावर रक्तदाब खाली आणू शकते, विशेषतः नव्याने सुरू केल्यावर. ज्यांच्याकडे बीपीचं यंत्र आहे त्यांनी पाच मिनिटं बसून एकदा मोजावं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजावं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० ने उतरला, तर शिडी दुसऱ्याला द्या आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या दिवशी चढू नये. बायका सफाई आणि उपवास एकाच दिवशी करतात, म्हणून मुद्दाम लिहितो. जुन्या मधुमेहात तळवे बधिर होतात, पायरीची कड पायाला कळत नाही. असा माणूस दर पायरीला खाली वाकून बघतो, आणि वाकला की तोल जातो.

तोलमोल

फिजिओथेरपिस्ट. गोळीबंद यांच्याशी सहमत, पण बीपी ठीक असलं तरी मान राहतेच. पंख्याकडे बघायला मान मागे टाकली की आतल्या कानातल्या तोलाच्या दोषामुळे काहींना गरगरतं. साठीनंतर हा दोष वाढतो आणि बायकांमध्ये जास्त आढळतो. जमिनीवर उभं राहून, भिंतीला हात लावून, अर्धा मिनिट छताकडे बघा. भोवळ आली तर पंखा पुसायचं काम तुमचं नाही.

दुसरी चाचणी : ओट्याच्या कडेला, हात न टेकता, एका पायावर दहा सेकंद. दोन्ही पायांवर जमलं नाही तर शिडी नको. चढताना प्रत्येक पायरीला माणूस क्षणभर एका पायावरच असतो, इतका साधा हिशेब आहे. पुरुषांना ही चाचणी करायला लावणं अवघड. ‘मी चाळीस वर्षं चढतोय’ हे उत्तर ठरलेलं. सवय डोक्यात राहते, मांडीचा स्नायू दरम्यान कमी झालेला असतो.

आणि चष्मा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वाचायचा असतो. उतरताना त्यातून खालची पायरी धूसर आणि जवळ दिसते. शेवटची पायरी संपली असं वाटून माणूस मागे पाऊल टाकतो आणि ती अजून बाकी असते. फक्त लांबचा चष्मा लावा, सगळ्यात खालच्या पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी लावा आणि उतरताना पायऱ्या मोठ्याने मोजा.

रंधा

सुतारकाम. पहिल्यांदा शिडीचे पाय बघा. खालची रबरी बुचं झिजून अ‍ॅल्युमिनिअम उघडं पडलं की गुळगुळीत टाइल्सवर ती शिडी पकडच घेत नाही. बुचं हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळतात. चारही एकदम बदला, एकच बदललं तर शिडी डुलते. फरशी पुसायची ती काम झाल्यावर, आधी नाही. रबराखाली धूळ असली तरी घसरते, म्हणून शिडी ठेवायच्या जागी कोरडं फडकं फिरवा.

घडीची शिडी पूर्ण उघडून मधला अडसर ‘टक’ असा बसला पाहिजे. अर्धवट उघडून भिंतीला टेकवणं हा सगळ्यांचा आवडता उद्योग. त्यात मागचे दोन पाय अधांतरी राहतात. वरच्या दोन पायऱ्या उभं राहायला नसतात. पायऱ्या मोजून शिडी घेताना त्या दोन वजा करून हिशेब करा. ज्या शिडीला सर्वात वर मोठा पाट आणि गुडघ्यापर्यंत येणारा कठडा असतो, तिच्या पाटावर उभं राहता येतं. वयस्क माणसासाठी आणि बुटक्या माणसासाठी तीच घ्या.

भिंतीला टेकवायची शिडी असेल तर चारास एक : बारा फुटांवर टेकली तर पाय भिंतीपासून तीन फूट बाहेर. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कठड्याच्या वर तीन फूट हवी, नाहीतर वरून खाली पाय टाकताना धरायला काही राहत नाही.

कमाल वजन माणसाचं एकट्याचं धरू नका. ८५ किलोचा माणूस, ड्रिल मशीन, रंगाचा डबा असं मिळून शंभरी ओलांडते. १०० किलोची शिडी त्याला पुरणार नाही, १५० ची बघा. पण जड शिडी घरातल्या बाईला बाल्कनीतून ओढत आणता येत नसेल तर ती आणणारच नाही, खुर्ची घेईल. जाड पत्र्याची लोखंडी घेऊन बाल्कनीत गंजवण्यापेक्षा अ‍ॅल्युमिनिअमची घ्या आणि स्वयंपाकघराजवळ दाराआड उभी ठेवा.

सोसायटीची_सेक्रेटरी

कपड्यांचं कोणी लिहिलं नाही. गाऊन घालून चढताना पुढचा घोळ वरच्या पायरीवर पडतो आणि पाऊल त्याच घोळावर येतं. साडीच्या निऱ्यांचंही तेच. ओढणी शिडीच्या बिजागरीत अडकते. सलवार किंवा पायजमा घाला, ओढणी काढून ठेवा. अनवाणी चढलं तर अरुंद दांड्यांवर तळवा दुखतो आणि माणूस सारखा पाय बदलत राहतो. चप्पल तर नकोच. रबरी तळाचे, बंद कॅनव्हास बूट सर्वात बरे.

आता थोडं कडू. घरात ज्याला शिडी नाकारतो ती कामं कोणाच्या गळ्यात पडतात? कामवाल्या मावशींच्या. ओल्या पायांनी, पदर खोचून, पोकळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर. त्यांचं वय आपण विचारत नाही, गुडघे तर नाहीच. मावशींना चढवायचं असेल तर शिडी द्या, बूट द्या आणि खाली माणूस उभा करा. नाहीतर ते काम सांगू नका.

तारतंत्री

पंखा आणि दिवे. भिंतीवरचं बटण बंद करणं पुरत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर बसवलेलं असतं; पंखा थांबतो पण वायरमध्ये वीज राहते. त्या खोलीचा एमसीबी (विजेच्या पेटीतला खटका) पाडा. अ‍ॅल्युमिनिअमची शिडी वीज वाहते, उघड्या तारेजवळ फायबरची वापरा. शॉक हलका असला तरी झटक्याने मागे पडणं महागात जातं.

साठीपुढच्यांनी पंख्यासाठी शिडी विसरावी. लांब दांड्याचा, इंग्रजी यू अक्षरासारखा ब्रश पात्याच्या दोन्ही बाजू एकदम पुसतो. दिवा बदलायलाही दांड्याचा पकडू मिळतो.

पाचफुटी

तारतंत्री, आकाशकंदिलाचंही लिहा ना.

तारतंत्री

बाल्कनीत शिडी ठेवायचीच नाही, कोणत्याही वयात. कठडा सुमारे साडेतीन फुटांचा. दुसऱ्या पायरीवर गेलात की तो मांडीशी येतो, चौथीवर घोट्याशी. आत पडण्याऐवजी बाहेर जाल. छतात एकदाच कप्पी किंवा मोठा गोल हुक बसवून घ्या, त्यातून नायलॉनची दोरी घ्या आणि कंदील झेंड्यासारखा खालून ओढा. दोरीचं टोक ग्रिलला बांधायचं. पुढच्या वर्षी पंचाहत्तरीच्या आजीही लावतील.

कौलारू

कोकणातली गोष्ट वेगळी आहे. मे महिन्यात शाकारणीला (पावसाआधी कौलं नीट लावायला) घरातला हलका, कोवळा मुलगा कौलांवर चढवतात. वजन कमी म्हणून कौल फुटत नाही हे खरं, पण वासा कुठे कुजलाय ते त्याला कळत नाही. पाय वाशाच्या रेषेतच ठेवायचा, दोन वाशांच्या मध्ये कधीच नाही, हे आधी खालून दाखवा. बांबूच्या शिडीची काथ्याची गाठ दर वर्षी नवी बांधा. आंब्यासाठी म्हाताऱ्यांनी शिडी लावूच नये. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला जमिनीवरून देठासकट फळ काढतो.

रंधा

एक राहिलं. ‘बायकोने खाली शिडी धरलीये’ याचा फार भरवसा धरू नका. ४५ किलोची व्यक्ती शिडीचे पाय घसरू देणार नाही, इतकंच. वरचा ८५ किलोचा माणूस बाजूला झुकला तर ती काहीच करू शकत नाही, उलट त्याच्याखाली सापडते. बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. हात पोचत नसेल तर उतरून शिडी सरकवा. खालच्या माणसाचं खरं काम वस्तू हातात देणं-घेणं. वरच्याचे दोन पाय आणि एक हात कायम शिडीवर राहतात ते त्यामुळेच.

तोलमोल

गरोदरपणात चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पोट पुढे येतं, तोल बदलतो, सांधेही सैल होतात. पोटामुळे शिडीला चिकटून उभं राहता येत नाही, हात जास्त लांबवावा लागतो. तेव्हा अजिबात नाही. आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना उघडी शिडी दिसली की ती चढतातच. फोन वाजला तरी आधी शिडी मिटा आणि आडवी ठेवा.

वॉर्डातली_ताई

कोणी पडलंच तर ओढून उभं करू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडला समजा. मान किंवा पाठ दुखत असेल तरीही जागचं हलवू नका. १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोकं आपटलं असेल, तर माणूस गप्पा मारत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या. वयस्कांमध्ये डोक्यातला रक्तस्राव हळूहळू साठतो. तीन-चार आठवड्यांनी डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, चालताना एका बाजूला जाणं सुरू झालं तर डॉक्टरांना ते जुनं पडणं तारखेसह सांगा. घरचे ‘वयाने होतंय’ म्हणतात आणि ती माहिती केसपेपरवर येतच नाही.